‘बारा पिंपळांवरचा मुंजा’ हे शीर्षक खटकले

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर इश स्मिथ या अमेरिकी बास्केटबॉलपटूविषयी चौकटीत एक टिपण प्रसिद्ध झाले. एनबीए या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये १३ निरनिराळ्या संघांकडून खेळण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे, ही माहिती त्यात बरोबर दिली होती. शीर्षक मात्र ‘बारा पिंपळांवरचा मुंजा’ असे होते आणि ‘गुणवत्ता असूनही कुठेच न टिकलेला भटक्या खेळाडू’ असा निवाडा देऊन टिपण संपवले होते. आमच्या भुसावळात सकाळी मैदानावर येणाऱ्या मुलांनी ते वाचले आणि त्यांच्यातील एकाने मला विचारले, “सर, म्हणजे तो नापासच झाला ना?” त्याला तोंडी उत्तर मी तिथल्या तिथे दिले, परंतु हा प्रश्न आपल्या पानामुळे निर्माण झाला असल्याने त्याचे उत्तरही आपल्याच पानावर यावे, असे वाटते. पत्र लांबले आहे. काटछाट करावीच लागली तर शेवटचा भाग तेवढा राहू द्यावा, ही विनंती.

आधी माझा या विषयाशी संबंध काय, ते सांगतो. मी मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात स्टेशन मास्तर होतो आणि नोकरीची पहिली १४ वर्षे कोणत्याही एका स्टेशनावर माझी कायम नेमणूक नव्हती. रजेवर गेलेल्या, आजारी पडलेल्या किंवा साप्ताहिक सुटीवर असलेल्या मास्तरांच्या जागी जाऊन काम सांभाळायचे, त्यांनी परत येऊन चार्ज घेतला की पिशवी उचलायची आणि पुढच्या आदेशाची वाट पाहायची, असे ते ‘रिलीव्हिंग’चे काम होते. त्याच काळात मी विभागाच्या बास्केटबॉल संघातही होतो आणि तिथेही बहुतेक सामने राखीव बाकावर बसूनच काढले. बदलीचा मास्तर आणि बदली खेळाडू अशा दोन्ही नात्यांनी मला या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार आहे, असे मी मानतो.

आपल्या लेखकाची पहिली चूक शब्दापासून झाली आहे. अशा खेळाडूला इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात आणि ‘जर्नी’ म्हणजे प्रवास हे आपल्याला शाळेपासून माहीत असल्याने ‘जर्नीमन’ म्हणजे भटक्या, असा अर्थ सहज लावला जातो. मी शब्दकोश उघडून पाहिला. हा शब्द प्रवासावरून आलेलाच नाही. तो फ्रेंच भाषेतील दिवस, दिवसभराचे काम या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. जुन्या युरोपात सुतार, गवंडी, लोहार यांच्या धंद्यात आधी काही वर्षे उमेदवारी करावी लागे. ती पूर्ण करून हात बसलेला, परंतु स्वतःचे दुकान अजून न मांडलेला आणि दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याकडे काम करणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. या शब्दात कमीपणा असलाच तर तो मालकी नसण्याचा आहे, कसब नसण्याचा नाही. मुंजा पिंपळावर नुसता बसतो. या कारागिराला काम येत असते आणि म्हणूनच त्याला बोलावणे येते.

आता स्वतः इश स्मिथची हकीकत पाहावी. तो नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट शहराचा आणि वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून खेळलेला. उंची अवघी सहा फूट, म्हणजे आपल्याकडे उंच आणि त्या लीगमध्ये ठेंगणी. २०१० साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ६० जणांची नावे पुकारली गेली आणि त्यांत त्याचे नाव नव्हते. तरीही त्याच वर्षी ह्यूस्टनच्या संघाने त्याला घेतले आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०११ मध्ये, शेन बॅटिये या नावाजलेल्या खेळाडूच्या देवघेवीत त्याचीही रवानगी मेम्फिसला झाली. पुढच्या पाच वर्षांत गोल्डन स्टेट, ऑर्लँडो, मिलवॉकी, फिनिक्स, पुन्हा ह्यूस्टन, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स अशी ठिकाणे झाली. एवढ्यावरच थांबले तर आपल्या लेखकाचे म्हणणे खरे वाटेल.

परंतु फिलाडेल्फियाचा प्रसंग त्या टिपणात यायला हवा होता. २०१४-१५ च्या हंगामाचा उत्तरार्ध तो त्या संघाकडून खेळला आणि उन्हाळ्यात त्यांनी त्याला जाऊ दिले. पुढच्या हंगामात डिसेंबर उजाडला, महिना सरत आला, तरी त्या संघाच्या खात्यावर एकच विजय होता. संघात उमदी, उंचीपुरी, पहिल्या फेरीत निवडलेली तरुण मुले होती. पण त्यांच्या हातात योग्य वेळी, योग्य जागी चेंडू आणून देणारा कोणी नव्हता. तेव्हा त्याच संघाने, ज्याला सहा महिन्यांपूर्वी फुकट सोडले होते त्या इश स्मिथला परत आणण्यासाठी, न्यू ऑर्लिन्सला दुसऱ्या फेरीतील दोन निवडींचे हक्क देऊन टाकले. तो आल्यावर संघ काही बलाढ्य झाला नाही. हंगामाअखेर त्यांची नोंद १० विजय आणि ७२ पराभव अशीच राहिली. मात्र स्मिथने तिथे सामन्यामागे जवळपास १५ गुण केले आणि सातेक असिस्ट, म्हणजे सोबत्याला गुण मिळवून देणारे पास, दिले, आणि त्या मुलांचे खेळणे बास्केटबॉलसारखे दिसू लागले. बुडत्या संघाला ज्याची आठवण येते आणि ज्याच्यासाठी तो किंमत मोजतो, त्याला ‘कुठेच न टिकलेला’ कसे म्हणावे? शिवाय हे विधान नोंदीलाही धरून नाही. फिलाडेल्फियातल्या त्या कामाच्या बळावर २०१६ मध्ये डेट्रॉइटने त्याच्याशी तीन वर्षांचा, १ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला आणि ती तिन्ही वर्षे तो तिथे खेळला. त्यानंतर वॉशिंग्टन, मग स्वतःचे गाव शार्लट, पुन्हा वॉशिंग्टन आणि २०२२ च्या उन्हाळ्यात तेरावा संघ डेन्व्हर. जून २०२३ मध्ये डेन्व्हरने मायामीला ४-१ असे हरवून आपल्या इतिहासातील पहिले एनबीए विजेतेपद मिळवले, तेव्हा इश स्मिथ त्या संघात होता. त्यानंतरच्या हंगामात तो पुन्हा शार्लटकडून खेळला. २०१० ते २०२४ अशी ही कारकीर्द आहे. ड्राफ्टमध्ये ज्याचे नाव कोणी पुकारले नाही, तो १४ हंगाम त्या लीगमध्ये राहिला.

अमेरिकेतले सर्व काही गोड आहे, असे मला म्हणायचे नाही. प्रत्येक नवा संघ म्हणजे नवा सन्मान असतो, हेही खरे नाही. त्या लीगमध्ये दोन संघ खेळाडूंची अदलाबदल करतात तेव्हा दोन्हीकडच्या पगारांचा मेळ बसवावा लागतो, आणि तो बसवताना लहान पगाराचा खेळाडू पासंगासारखा तराजूत टाकला जातो. त्याला विचारत कोणी नाही. सकाळी सरावाला निघालेल्या माणसाला फोन येतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला दुसरे शहर गाठायचे असते. बायकोला घराची आवराआवर करायची असते, मुलाची शाळा बदलायची असते. डेन्व्हरमध्येही स्मिथला मैदानावर फारसा वेळ मिळाला नाही. हे सगळे कबूल करूनच मी म्हणतो की, या माणसाचे मोजमाप संघांच्या संख्येवर करणे चूक आहे.

याच पंगतीत आणखी काही जण बसलेले आहेत. स्मिथच्या आधी १२ संघांचा विक्रम चार जणांच्या नावावर होता. त्यांतला चकी ब्राउन १९८९ च्या आणि टोनी मॅसेनबर्ग १९९० च्या ड्राफ्टमध्ये, दोघेही ४३ व्या क्रमांकावर निवडले गेले होते. पहिला १९९५ साली ह्यूस्टनच्या आणि दुसरा २००५ साली सॅन अँटोनियोच्या विजेत्या संघात होता. तिसरा जो स्मिथ तर १९९५ च्या ड्राफ्टमधला अगदी पहिला, म्हणजे त्या वर्षीचा सर्वांत मोठ्या अपेक्षेचा खेळाडू. चौथा जिम जॅक्सन १९९२ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलेला. फिरावे लागते ते केवळ कमअस्सलांना, हा समज या दोन नावांपाशी टिकत नाही.

मला स्वतःला या सर्वांत केव्हिन ऑली याची गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्यालाही ड्राफ्टमध्ये कोणी घेतले नाही. दुय्यम लीगमध्ये खेळत, अल्पमुदतीच्या करारांवर ११ संघ फिरत तो ओक्लाहोमा सिटीला पोहोचला तेव्हा कारकिर्दीचे शेवटचे वर्ष होते आणि संघात केव्हिन ड्युरंट, रसेल वेस्टब्रूक, जेम्स हार्डन अशी विशी-एकविशीतली पोरे होती. सरावाला वेळेआधी कसे यायचे, शरीर कसे सांभाळायचे, न खेळताही सामन्यात कसे राहायचे हे त्या पोरांनी ऑलीकडे पाहून घेतले, आणि त्या संघाला वळण लावण्याचे श्रेय ड्युरंटने पुढे जाहीरपणे त्याला दिले. २०१४ साली याच ऑलीने प्रशिक्षक म्हणून कनेटिकट विद्यापीठाला अमेरिकेचे महाविद्यालयीन विजेतेपद मिळवून दिले. १० प्रशिक्षकांच्या हाताखाली वावरलेल्या माणसाकडे जी शिदोरी जमते, ती एकाच ठिकाणी वाढलेल्याकडे क्वचितच असते. आपल्या मराठीत त्यासाठी ‘बारा गावचे पाणी प्यालेला’ असा शब्दप्रयोग तयार आहे. शीर्षक द्यायचेच होते तर हे देता आले असते.

हे मी एवढ्या ठामपणे का म्हणतो, ते माझ्या कामातल्या एका गोष्टीवरून सांगतो. प्रत्येक रेल्वे स्टेशनाची स्वतःची एक नियमपुस्तिका असते, तिला आम्ही ‘स्टेशन वर्किंग रूल्स’ म्हणतो. बदलीवर गेलेल्या मास्तराला ती वाचून, मला या स्टेशनाचे काम समजले आहे अशी नोंदवहीत सही करावी लागते, आणि त्यानंतरच तो गाडीला सिग्नल देऊ शकतो. सगळी स्टेशने बाहेरून सारखीच दिसतात, पण आत प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. सावदा-निंभोऱ्याला केळीच्या वॅगन भरायच्या असत आणि माल नाशवंत असल्याने शेतकऱ्यांचा जीव टांगणीला लागलेला असे. पाचोऱ्याला जामनेरची छोटी गाडी असायची. चाळीसगावला धुळ्याच्या शाखेचे प्रवासी मुंबईच्या गाडीला जोडून द्यायचे असत. कुठल्या लूपमध्ये, म्हणजे गाडी बाजूला घेण्याच्या रुळावर, लांब मालगाडी मावत नाही, कुठल्या फाटकाला रात्री ट्रॅक्टरांची रांग लागते, हे पहिल्या रात्रीतच ठाऊक करून घ्यावे लागे. मी मे महिन्यात रात्री दोनला मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमधून एखाद्या स्टेशनावर उतरलो की, आधी पुस्तिका उघडायचो आणि मग तिथल्या जुन्या पॉइंट्समनला, म्हणजे सांधे बदलणाऱ्या कर्मचाऱ्याला, चहा विचारून हळूच म्हणायचो, “मामा, तुमच्या स्टेशनाचं काय काय सांभाळायचं, ते सांगा.” कारण पहिली गाडी तासाभरात यायची असे, आणि गाडीतल्या प्रवाशाला आज मास्तर कायमचा आहे की बदलीचा, याच्याशी काही कर्तव्य नसते.

इश स्मिथ ज्या जागी खेळला, त्या पॉइंट गार्डचे काम याहून निराळे नाही. चेंडू त्याच्या हातात असतो आणि बाकी चौघांनी कुठे पळायचे हे त्याच्या इशाऱ्यावर ठरते. प्रत्येक संघाची डावांची वही वेगळी असते. तोच डाव एका गावात एका नावाने पुकारतात आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या. प्रतिस्पर्ध्याने स्क्रीन लावला, म्हणजे मध्ये उभे राहून वाट अडवली, तर बचाव करणाऱ्याने त्याच्या वरून जायचे की खालून, मदतीला कोणत्या कोपऱ्यातून यायचे, याचे प्रत्येक प्रशिक्षकाचे नियम वेगळे. एक नियम विसरून दुसरा आठवायला कारकिर्दीची वर्षे मिळत नाहीत. कधी दोन दिवस मिळतात, कधी विमानातले चार तास. आणि आल्याआल्या एखादा पास चुकला तर ‘नवा आहे’ म्हणून कोणी सांभाळून घेत नाही. इश स्मिथने हे १३ ठिकाणी केले. काही ठिकाणी दोनदा.

मुलांना आणि त्यांच्या पालकांना या धंद्याची रीत कळावी म्हणून थोडे कराराविषयी लिहितो. एनबीएत ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघात नियमित कराराचे १५ खेळाडू, म्हणजे साऱ्या जगातून साडेचारशे जागा. यांतल्या बहुतेकांच्या करारात पगाराची हमी असते, पण तळाच्या काही जणांच्या करारात ती नसते. १० जानेवारीपर्यंत संघात टिकला तर मात्र उरलेल्या हंगामाचा पगार पक्का होतो. त्यामुळे नाताळानंतरचे दोन आठवडे अशा खेळाडूंच्या घरी काय वातावरण असेल, याची कल्पना करता येते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून १० दिवसांचे करार सुरू होतात. एका संघाला एका हंगामात एका खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. त्यानंतर हंगामभरासाठी घ्या, नाहीतर सोडा. दिवसाच्या मजुरीवरचा कारागीर हा मूळ अर्थ इथे शब्दशः खरा होतो. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू सिम भुल्लर, कॅनडात वाढलेला, साडेसात फुटांच्या आसपास उंचीचा, एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रॅमेंटोकडून अशाच १० दिवसांच्या करारावर उतरला आणि तीन सामने, तेही काही मिनिटांपुरते, खेळला. पुढे त्याने तैवानमध्ये जाऊन अनेक हंगाम खेळ केला. त्या १० दिवसांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. तैवानमधल्या वर्षांची बातमी मी तरी मराठीत वाचलेली नाही.

निवृत्तीचाही हिशोब आहे. एनबीएत तीन हंगामांची सेवा भरली की खेळाडू निवृत्तिवेतनाला पात्र होतो. त्यामुळे दोन हंगाम झालेल्या खेळाडूला तिसऱ्यासाठी मिळालेले बोलावणे हे नुसते खेळण्याचे बोलावणे राहत नाही. आमच्याकडेही सेवेचा एकेक महिना मोजत बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

आपल्या देशात हे चित्र वेगळे आहे, आणि मला खरी काळजी त्याची आहे. पंजाबातील बल्लो के या खेड्यातला सतनाम सिंग २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर डॅलसने निवडला, तेव्हा देशभर कौतुक झाले. तो एनबीएचा एकही नियमित सामना खेळू शकला नाही, तेव्हा तितक्याच वेगाने त्याला विसरले गेले. अमृतपाल सिंग जपानमध्ये आणि नंतर ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला, अमज्योत सिंग जपानमधून अमेरिकेच्या जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या दुय्यम लीगमध्ये, पोहोचला, हे दोघेही खऱ्या अर्थाने आपले जर्नीमन. मात्र त्यांची नावे माझ्या मैदानावरच्या मुलांना माहीत नव्हती. वाराणसीच्या विशेष भृगुवंशीने वर्षानुवर्षे भारताचे नेतृत्व केले आणि त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला, पण त्याच्या पाठीशी ओएनजीसीची नोकरी होती. कारण आपल्याकडे वर्षानुवर्षे चालेल अशी व्यावसायिक लीगच उभी राहिली नाही. २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए दोन-तीन वर्षांत थांबली. २०२२ मध्ये नवी लीग आली, तिची मुळे धरायला अजून वेळ लागेल. तोवर रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, बँका, पोलीस यांचे खात्यांचे संघ हाच आपल्या खेळाडूचा आधार. ज्याला खात्यात कायम नोकरी लागली तो सुटला. ज्याला नाही लागली, तो फिरतो.

असा एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोर वाढला. अमळनेर तालुक्यातल्या एका कापूस पिकवणाऱ्या घरातला, शिक्षणासाठी भुसावळला मामाकडे राहिलेला, सहा फूट चार इंच उंचीचा. आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळला, मग परराज्यातल्या एका खात्याच्या संघाने त्याला ११ महिन्यांच्या करारावर स्टायपेंड देऊन ठेवले, आणि कायम भरतीची वेळ आली तेव्हा दुसऱ्याला घेतले. तेव्हापासून चार वर्षे तो निमंत्रित स्पर्धांमध्ये पाहुणा खेळाडू म्हणून फिरतो आहे. फोन येतो, तो बॅग भरतो. त्या बॅगेत दोन जोडी बूट, घोट्याला बांधायच्या टेपच्या गुंडाळ्या आणि आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी एवढे ठरलेले असते. मागच्या हिवाळ्यात त्याला सोडायला मी स्टेशनावर गेलो होतो. साइड लोअर बर्थवर तो आडवा झाला की पाय गुडघ्यात दुमडूनही मावत नाहीत. सरळ केले तर वाटेत येतात आणि चहावाल्यांचे धक्के बसतात. म्हणून तो रात्रभर खिडकीला टेकून बसतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ज्यांची नावेही नीट माहीत नाहीत अशा चार सोबत्यांबरोबर मैदानावर उतरतो. मी त्याला विचारले, कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, “काका, पहिल्या पाच मिनिटांत त्या चौघांना कळलं पाहिजे की हा उगाच चेंडू धरून ठेवणार नाही. ते कळलं की ते मला चेंडू देतात. मग कंटाळा नाही येत.” इतके नेमके वर्णन मी कोणत्याही प्रशिक्षकाच्या तोंडून ऐकले नव्हते.

घरी गेला की आई विचारते, “तुन्हं पक्कं कव्हय व्हई रे भाऊ?” तिच्या प्रश्नात चूक काहीच नाही. दर पावसाळ्यात आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या घरात एका तरी माणसाचे पक्के असावे, हे वाटणारच. परंतु गावातले लोक त्या प्रश्नाचे उत्तर ‘फुकट गेला पोरगा’ असे देऊन मोकळे होतात, आणि आपल्या टिपणासारखे छापील शब्द त्यांच्या हाती पडले की त्या बोलण्याला वजन येते. मागच्या वर्षी एका मोठ्या स्पर्धेच्या आयोजकांनी ठरलेल्या मानधनातले निम्मे पैसे दिलेच नाहीत. त्याच्याजवळ पुरावा होता तो फोनवरच्या एका संदेशाचा. गुडघा दुखावला, त्याच्या तपासणीचा खर्च घरच्यांनी कापसाच्या पैशातून केला. परदेशी क्लबांमध्येही पैसे बुडवण्याचे प्रकार होतात. पण तिथे लेखी करार असतो आणि त्यात तशी तरतूद केलेली असल्यास २००७ पासून फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या व्यवस्थेतील लवादाकडे दाद मागता येते, आणि निवाडा न पाळणाऱ्या क्लबला नवे खेळाडू नोंदवण्यापासून रोखता येते. आपल्या मुलाजवळ दाद मागायला कागदच नाही. सरकारी नोकऱ्यांतील ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी त्याने फाइल उघडली, तेव्हा या चार वर्षांतल्या निमंत्रित स्पर्धांच्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा बाजूला ठेवावा लागला आणि आंतरविद्यापीठाचा एकच कागद कामाचा ठरला.

म्हणून माझी आपणास विनंती आहे. खेळाडूची निवड झाली की आपण छायाचित्रासह बातमी देता, पेढा भरवतानाचा फोटो छापता, ते आम्हाला आवडते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेळाडूंसाठी एवढी जागा देणारी वृत्तपत्रे फार नाहीत. पण त्याच खेळाडूकडे पाच वर्षांनी पुन्हा एकदा आपला वार्ताहर जावा. तो कुठे खेळतो, कराराचा कागद आहे का, दुखापत झाली तर खर्च कोण करतो, मानधन वेळेवर मिळते का, हे त्याने विचारावे आणि छापावे. आपल्या भागात निमंत्रित स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांकडे उद्घाटनाच्या बातमीसोबत एवढीही चौकशी व्हावी की, पाहुण्या खेळाडूंशी लेखी बोलणी झाली आहेत का. वृत्तपत्र विचारणार आहे हे माहीत असले की, मंडळे आधीच कागद करतील. आमच्या रेल्वेतही तपासणीची तारीख कळली की नोंदवह्या आपोआप पूर्ण होत असत.

आणि इश स्मिथविषयीचे ते शीर्षक आपण मागे घ्यावे. त्याला ते कधी वाचायला मिळणार नाही, हे मी जाणतो. ते वाचले आहे आमच्या मैदानावरच्या मुलांनी, आणि त्या अमळनेरच्या मुलानेही. परवा त्याला दक्षिणेकडच्या एका स्पर्धेचे बोलावणे आले आहे. सोमवारी रात्रीच्या गाडीचे तिकीट वेटिंगवर आहे. त्याआधीच्या रविवारी क्रीडापानावर दुरुस्तीचे चार शब्द आले, तर ते पान मी त्याच्या बॅगेत ठेवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त स्टेशन मास्तर,
भुसावळ, जि. जळगाव